साडेतीन फुटांवर थांबलेला पाया

आमच्या अंगणातल्या गॅरेजचा पाया साडेसात फूट खोल आहे. वर साध्या विटांच्या भिंती, पत्र्याचं छत आणि आत एक जुनी व्हॅन. बांधकामातलं थोडंफार कळणारा पाहुणा आला की म्हणतो, "एवढ्या पायावर तीन मजले चढले असते." मी हो म्हणतो. खरं कारण सांगायला वेळ लागतो आणि ते सांगताना माझी मान अजूनही खाली जाते. तरी सांगतो. यातली लाज सगळी माझी आहे, पण शेवट बरा झाला, आणि तो बरा होण्यात माझा हात फार थोडा होता.

आम्ही सिंदी रेल्वेचे. वडिलांचं सरकी-ढेपेचं दुकान होतं, आता मी चालवतो. नव्वदीच्या सुरुवातीला ढेपेची पोती ठेवायला दुकानात जागा पुरेना, म्हणून बाबांनी घरामागच्या अंगणात एक खोली बांधायचं ठरवलं. मिस्त्री ठरलेलाच होता. बाजारातल्या निम्म्या दुकानांचे ओटे त्याच्या हातचे. अंगानं बारीक, कानावर कायम एक विडी अडकवलेली. रोज दुपारी तो दुकानापुढे सायकल लावायचा, बाबा दोन चहा सांगायचे आणि दोघं अर्धा तास कोणाची भिंत कुठे कलली, कोणाचा स्लॅब कसा गळतो यावर बोलायचे. त्या दोघांना याहून आवडीचा विषय जगात नव्हता.

आमच्याकडची जमीन काळी. कापसाला चांगली, घराला वाईट. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिला अशा भेगा पडतात की आत पडलेली किल्ली परत मिळत नाही. म्हणून इथे पाया खणताना सगळे एकच विचारतात: मुरूम लागला का? काळी माती संपून पिवळसर, खडेदार मुरूम लागेपर्यंत खणायचं. तो चार फुटांवर लागेल, नाहीतर आठ. ते घरमालक ठरवत नाही आणि मिस्त्रीही ठरवत नाही.

त्या मे महिन्यात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. पंधरा दिवस खाटेवरून उठायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यामुळे कामावर मी. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. बाबांनी एकच गोष्ट बजावली होती, "मुरूम लागला की ढेकूळ आणून मले दाखवजो. त्याच्याशिवाय दगड टाकू देऊ नको."

तिसऱ्या दिवशी खड्डा साडेतीन फुटांवर आला आणि खाली अजून काळीच होती. उन्हानं माती इतकी टणक झाली होती की मजूर दिवसाला फूटभर जेमतेम उतरत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं माझ्या मित्राची वरात पुलगावला निघणार होती. खणणं संपलं की दगड भरायला मिस्त्री एकटा पुरेसा होता. ते चालू राहिलं तर मात्र मला जागेवर थांबावं लागणार होतं. एवढंच. कारण याहून मोठं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

मी मिस्त्रीला म्हणालो, "बाबा म्हणतात एवढं पुरे. उद्यापासून दगड भरा."

तो खड्ड्यात उभा होता. पायाच्या अंगठ्यानं माती उकरून म्हणाला, "भाऊ, हे काळीच हाय अजून. शेटजीले इचारलं काय?"

"विचारलं. पोत्यांची तर खोली आहे, म्हणाले."

"मी भेटून येतो त्याईले."

"झोपले आहेत. उठवू नका."

त्यानं अंगठ्याची माती झटकली. मग म्हणाला, "बरं. घर त्यायचं, मर्जी त्यायची."

बाबा झोपले नव्हते. खाटेवर पडून पेपर वाचत होते.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम तेव्हा चाललं होतं आणि कडेला मुरमाचा ढीग होता. संध्याकाळी मी तिथलं एक ढेकूळ रुमालात बांधून आणलं. बाबांनी तांब्यात पाणी मागवलं आणि ढेकूळ त्यात सोडलं. ही त्यांची जुनी रीत. काळी माती पाण्यात विरून चिखल होते, मुरूम तळाशी बसतो आणि वरचं पाणी निवळतं. थोड्या वेळानं पाणी निवळलं. बाबा समाधानानं म्हणाले, "झकास आहे. जा आता तू वरातीले. इथं मिस्त्री पाहून घेईन." वरातीची परवानगी मी मागितलीही नव्हती.

पहिल्याच पावसाळ्यात खोलीची जमीन मधोमध फुगली आणि दार लागेनासं झालं. पुढच्या उन्हाळ्यात मागच्या भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली. चिरेतून पाणी शिरून ढेपेला बुरशी आली. बाबांनी मिस्त्रीला दुकानात बोलावलं आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "मिस्त्री, माझा पाया खाल्ला तुमी."

मिस्त्री दुकानाची पायरी उतरला. मग म्हणाला, "काय झालं थे तुमाले चांगलं माहीत हाय, शेटजी." आणि सायकल घेऊन निघून गेला.

त्याला वाटलं, काम थांबवायला यांनीच सांगितलं आणि आता चारचौघांत उलटले. बाबांना वाटलं, चोरी करून वर उद्धटपणा करतो. दोघांनाही खरं काय ते माहीत नव्हतं. माहीत होतं ते मला, आणि मी पाच पावलांवर काट्याजवळ उभा राहून ढेप तोलत होतो. तोलून झालेलं पोतं मी पुन्हा काट्यावर चढवलं, हात रिकामे राहू नयेत म्हणून.

बाबा दुकानदार माणूस, आणि दुकानदाराचा शब्द बाजारात लवकर फिरतो. समोरच्या कापडवाल्यानं आपल्या नव्या ओट्याचं काम मिस्त्रीकडून काढून घेतलं. मग किराणावाल्यानं. वर्षभरात त्याला सिंदीत काम उरलं नाही. तो जामला गेला, हायवेच्या कडेला धाबे आणि पंक्चरची दुकानं बांधायला. मला तो एकदा बसमध्ये दिसला होता, मांडीवर घमेलं, घमेल्यात थापी आणि ओळंबा. मी पुढच्या थांब्यावर मागच्या दारानं उतरलो आणि उरलेलं अंतर चालत गेलो.

भिंती पडतील म्हणून दोन वर्षांत उतरवल्या. जमिनीवरचा काँक्रीटचा कोबा तेवढा राहिला, कासवाच्या पाठीसारखा फुगलेला. आई होती तोवर त्यावर कुरड्या वाळवायची. बाबा मात्र येईल त्या पाहुण्याला तो दाखवायचे. "हे पाहा मिस्त्रीचं काम. अन् वरून मलेच म्हणतो, तुमाले माहीत हाय." दरवेळी हे वाक्य आलं की मी पाहुण्यांसाठी पाणी आणायला आत जायचो. बारा वर्षं मी असं पाणी आणलं. लग्न झालं, मुलं झाली, दुकान माझ्या हातात आलं. दिवस चांगले गेले, हे खोटं नाही. पण त्या अंगणात मला कधी निवांत बसता आलं नाही.

दोन हजार पाचच्या सुमारास मी एक वापरलेली व्हॅन घेतली. ती कडुनिंबाखाली उभी असायची आणि रोज सकाळी पाखरांच्या घाणीनं रंगलेली असायची. बाबा म्हणाले, "उन्हापावसात ठेवाची होती तर घेतली काऊन? मागं गॅरेज बांध. तो कोबा उखडून टाक, माझ्या डोळ्यासमोरून जाऊ दे एकदाचा."

मी खूप प्रयत्न केले. चार पाइप रोवून वर पत्रे टाकू म्हणालो. कोब्यावरच नवा थर घालू म्हणालो. बाबा ऐकेनात. जुना पाया निघाला की दगडाखाली काळी माती दिसणार, आणि मग बाबा एकच प्रश्न विचारणार हे मला ठाऊक होतं: तांब्यात टाकलं होतं ते ढेकूळ कुठलं?

फोडायला सेलूकडचं एक नवरा-बायकोचं जोडपं आलं. तो घन मारायचा, ती तुकडे घमेल्यात भरून बाहेर टाकायची. बाबा खुर्ची टाकून बसले. एका दिवसात काम उरकेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण कोबा फुटेना. घन आपटून परत यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस घाम पुसत म्हणाला, "शेटजी, ज्यानं हे टाकलं त्यानं सिमेंटची चोरी नाई केली. असा माल आता कोणी टाकत नाई."

बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मंग तडकलं काऊन?"

"खाली पाहू ना. वरचं तं पक्कं हाय."

त्याची बायको म्हणाली, "तुमी घन मारा. पंचाईत मंग करजा. कालपासून चार घमेले भरले म्या."

तिसऱ्या दिवशी ते पायाच्या दगडांपर्यंत पोचले आणि चौथ्या दिवशी एका बाजूचे दगड निघाले. साडेतीन फुटांवर दगड संपले. खाली काळी माती, ओलसर, लोण्यासारखी गुळगुळीत. बाबांनी एक गोळा वर मागवला. तांब्यात पाणी मागवलं. मीच आणून दिलं. गोळा टाकताच पाणी काळं झालं आणि काळंच राहिलं. बाबांनी तांब्या हलवून पुन्हा पाहिलं.

मग मान वर करून ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे त्यानं तुले दुसरीकडचं ढेकूळ देलं. तू पोरगा होता तेव्हा. तुले फसवलं त्यानं."

मी इतकी वर्षं या क्षणाला भ्यालो होतो, आणि सुटायची वाट खुद्द बाबांनीच काढून दिली होती. नुसतं 'हो' म्हटलं की काम झालं असतं. खड्डा बुजला असता, मिस्त्री कायमचा चोर ठरला असता. खरं सांगतो, तोंडात 'हो' आलाही होता. पण तो घनवाला तिथेच उभा होता. मिस्त्रीला कधी न पाहता, निव्वळ त्याच्या कामावर चार दिवस घन मारून त्यानं त्याची बाजू घेतली होती, आणि मी मिस्त्रीला लहानपणापासून ओळखत होतो.

"ढेकूळ मी आणलं होतं," मी म्हणालो. "स्टेशनच्या रस्त्यावरून. थांबायलाही मीच सांगितलं होतं, तुमचं नाव घेऊन. तो तुम्हाला विचारायला येत होता. मी येऊ दिलं नाही."

घमेलं उचलायला वाकलेली बाई तशीच थांबली.

"काऊन?" बाबांनी विचारलं.

"वरातीला जायचं होतं."

बाबांनी तांब्यातलं पाणी अंगणात ओतलं, तांब्या खुर्चीखाली ठेवला आणि उठले. "गाडी काढ. जामले जाऊ."

सगळ्या वाटेत ते दोनच शब्द बोलले, "हळू चालव." मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. मी पस्तिशीचा होतो, दोन पोरांचा बाप होतो, तरी वाटत होतं की एक थप्पड मारली तर बरं होईल.

मिस्त्री एका धाब्याचा ओटा घोटत बसला होता. केस पिकले होते, विडी मात्र कानावर होतीच. बाबांना पाहून तो उठला नाही, थापी फक्त थांबली.

बाबा उभ्यानंच म्हणाले, "मिस्त्री, पाया तुमी नाई खाल्ला. यानं खाल्ला." आणि मी सांगितलं होतं ते सगळं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. "शेटजी झोपले होते ना?"

"नव्हते."

"मी उठवाले पाह्यजे होतं," तो स्वतःशीच म्हणाला. मग बाबांना म्हणाला, "मले वाटे, तुमीच थांबवलं अन् तुमीच बदनाम करून राह्यले. बारा वर्षं शिव्या देल्या मी तुमाले."

"मी बी देल्या," बाबा म्हणाले.

"थे खरं. पण तुमच्या शिव्या गावभर गेल्या. माया घरातच राह्यल्या."

बाबा शेजारच्या बाजेवर टेकले. ट्रक जात होते. धाबेवाल्यानं कोणी न सांगताच तीन चहा आणून ठेवले. मिस्त्रीनं एक घोट घेतला आणि मला विचारलं, "वरात कशी झाली, भाऊ?"

मी म्हणालो, "गाडी उशिरा पोचली. आमच्या पंगतीला भात उरला नव्हता."

तो हसला. आधी नाकातून, मग चांगला खोकला येईपर्यंत. बाबाही हसले. मी हसू की नको हे मला कळेना.

बाबांनी गॅरेजचं काम त्याला करायला सांगितलं. त्यानं लगेच हो म्हटलं नाही. ओट्याची उरलेली कड घोटून पुरी केली, थापी धुतली आणि म्हणाला, "येतो. पण खड्डा कवा थांबाचा थे मी सांगीन."

"तुमीच सांगा," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "अन् गावात हा सांगीन. मी ज्याले-ज्याले सांगतलं होतं, त्याले-त्याले."

परत येताना बाबांनी मला नावं सांगितली. तेवीस दुकानं झाली.

त्यानंतरचे पंधरा दिवस विचित्र होते आणि सुखाचेही. सकाळी मी बाजारात निघायचो आणि एकेका दुकानाच्या पायरीवर चढून सांगायचो की मिस्त्रीनं काही केलं नव्हतं, खोटं मी बोललो होतो. पहिल्या दोन दुकानांत अडखळलो. तिसऱ्या दुकानापासून जमायला लागलं. किराणावाला म्हणाला, "आता कोणाले आठवते ते? बस, चहा घे." न्हाव्याला सगळं आठवत होतं. त्यानं एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी ठेवून मला पहिल्यापासून सांगायला लावलं आणि मग त्या गिऱ्हाइकाला विचारलं, "ऐकलं काय? अन् बाहेर सभ्य म्हणून फिरते." मला वाईट वाटलं नाही. ते ऐकायलाच मी गेलो होतो. दिवसाला चार-पाच चहा व्हायचे.

दुपारी अंगणात यायचो तर बाबांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडलेली, त्यावर मिस्त्री, आणि दोघं कोणाची भिंत कुठे कलली यावर बोलत बसलेले. मधल्या बारा वर्षांत बऱ्याच भिंती कलल्या होत्या, विषय संपत नव्हता. मी पायरीवर बसून ऐकायचो. त्या अंगणात मी इतका वेळ कधी बसलो नव्हतो.

तेवीसपैकी बावीस जणांनी ऐकून घेतलं. कापडवाल्यानं मात्र मानलंच नाही. मी तीनदा गेलो. तो गादीवर मांडी घालून म्हणायचा, "तुमी भले लोक आहात. गरिबाचं पाप आपल्या अंगावर घेता. पण मिस्त्री तो मिस्त्रीच." त्याच्यापुढे मी जितकं खरं बोलायचो तितका तो मला मोठ्या मनाचा ठरवायचा. सगळ्यात आधी काम काढून घेणारा तोच होता, आणि आता ते चुकलं होतं असं ऐकायची त्याची तयारी नव्हती. एका खोट्या शब्दानं झालेलं काम शंभर खऱ्या शब्दांनीही निस्तरत नाही, हे मला त्या गादीपुढे कळलं. मी हरून परत आलो आणि मिस्त्रीला तसं सांगितलं.

तो म्हणाला, "कापडवाले हायेत. हात लावल्याशिवाय थान घेत नाईत. आणा त्याईले इथं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. मुरूम साडेसहा फुटांवर लागला होता आणि मिस्त्री तरीही खणत होता. खड्ड्याची एक बाजू त्यानं मुद्दाम जुनीच ठेवली होती. तिथे वर जुन्या पायाचे दगड दिसत होते, त्याखाली काळी माती आणि तळाला पिवळा मुरूम. शिडी लावलेली होती. कापडवाला वरूनच बघायला लागला.

"असं नाई," मिस्त्री म्हणाला. "खाली उतरून पाहा, शेटजी. हा पाया माया हातचा हाय. एक दगड हातानं हलवून दाखवा."

कापडवाला पांढऱ्या लेंग्यात, अंगानं भरलेला. आम्हाला वाटलं, नाही म्हणेल. पण बाबा बघत होते, घनवाला आणि त्याची बायको बघत होती. तो शिडी धरून एकेक पायरी उतरला. खाली गेल्यावर त्यानं जुन्या पायाचा एक दगड ओढून पाहिला. मग दोन्ही हातांनी ओढला. दगड जागचा हलला नाही. सिमेंट बोटांनी खरवडून पाहिलं.

मिस्त्री वरून म्हणाला, "खाणारा सिमेंट खाते. खणाची मजुरी तं मालकच देत होते. अजून खोल गेलो असतो तं माया काय जात होतं?"

कापडवाला गुडघे टेकून तळाचा मुरूम हातानं चाचपायला लागला. आम्हाला त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं. वर आला तेव्हा लेंग्याच्या गुडघ्यांवर पिवळे डाग पडले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, बाबांकडेही नाही. हात झटकून मिस्त्रीला म्हणाला, "दिवाळीनंतर मोकळे आहात काय? मागच्या बाजूनं दोन खोल्या काढाच्या आहेत."

मिस्त्रीनं कानावरची विडी काढली, पेटवली आणि एक झुरका घेतला. "पाहू," तो म्हणाला. "पयले हे होऊ द्या." मग खड्ड्यात वाकून त्यानं खालच्या मजुराला सांगितलं, "अजून एक वीत घे रे." खाली चांगला कठीण मुरूम होता. ते आम्हा सगळ्यांना वरून दिसत होतं, आणि कोणीही 'पुरे' म्हटलं नाही.